न मिळवलेला हात

माहितीपट संपला. व्हिडिओ गेम पार्लरमधला जुना चॅम्पियन हरल्यावर नव्या विजेत्याशी हातही न मिळवता तरातरा निघून जातो, हे पाहून प्रेक्षक चुकचुकले.

"अहो, खरंच असं वागलात?" शेजारी बसलेल्या बायकोनं चॅम्पियनला विचारलं.

"छे गं! आधी कडकडून मिठी मारली होती. मग दिग्दर्शक म्हणाला, आता एकदा गंमत म्हणून नुसतेच निघून जा. समोर उभ्या विजेत्यालाच हसू आवरेना, म्हणून तीनदा जावं लागलं."

बाहेर विजेता भेटला. लोकांनी त्याला गराडा घातला होता. चॅम्पियननं हसत हात पुढे केला.

विजेता हसला नाही. त्या हाताकडे बघत, सगळ्या गराड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "त्या दिवशी नाही सुचलं हे?"