दुसरी रेघ

फिटरने डबा उघडला. निमुळत्या बुडाचे नवे नट डब्यात जसेच्या तसे पडले होते. मग लेकीच्या गाडीच्या नव्या चाकांना आपण लावलं तरी काय? जुनेच, गोल बुडाचे. आटे सारखे, म्हणून मुकाट्याने बसले. पण अलॉयच्या हलक्या चाकात नटाची बैठक निमुळती असते. गोल बूड तिथे नीट टेकत नाही, नुसतं कडेला चावतं. मऊ धातू झिजतो, नट ढिले होतात आणि एखाद्या वळणावर चाक निखळतं. हे तो गिऱ्हाइकांना रोज घसा फोडून सांगायचा. आज नातवाला खेळवण्याच्या नादात त्यानेच माती खाल्ली होती.

गाडीत लेक होती आणि मागच्या सीटवर तिचं तान्हं बाळ. रस्ता घाटाचा.

त्याने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. गाडी चालवताना फोन बंद ठेवत जा, असं त्यानेच तिला बजावलं होतं. मोटारसायकलने गाठावं तर ती केव्हाच लांब गेली असणार. जन्मभर परक्यांची चाकं आवळली आणि पोटच्या पोरीला मरणाच्या दारात सोडलं.

“घाटाच्या तोंडाशी भाऊजींचं गॅरेज आहे,” बायको म्हणाली. “त्यांना सांगा.”

त्याने मान फिरवली. वडील गेले, गॅरेजच्या वाटण्या झाल्या, तेव्हापासून थोरल्या भावाशी अबोला होता. वडिलांचा, आबांचा, एक शिरस्ता होता. चाक बसवणाऱ्याने नटावर रंगाची एक रेघ ओढायची. दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि तिच्यावर आडवी रेघ ओढून फुली करायची. धाकटा अजूनही आपली एक रेघ ओढायचा, हाताची सवय म्हणून. पण घाटातून परतलेल्या गाड्यांच्या चाकांवर फुली दिसायची. गिऱ्हाइकं सांगायची, पाण्यासाठी थांबलो होतो, तुमच्या भावाने चाकं पाहून दिली. पाहील नाहीतर काय. त्याला गिऱ्हाइकं फोडायची होती. धाकट्याच्या कामावर चारचौघांत फुली मारायची होती. त्या फुल्या पाहून फिटर वर्षानुवर्षं जळत आला होता.

बाळाचं बोळकं डोळ्यांसमोर आलं. त्याने नंबर दाबला. तो अजून पाठ होता.

“दादा,” तो म्हणाला. “पोरीची गाडी अडव. पाया पडतो तुझ्या. नट चुकलेत माझ्याकडून.”

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“पाण्यासाठी थांबली, माझ्या दारातच उभी आहे,” थोरला म्हणाला. “एक नट सोडून बघितला, तेव्हाच कळलं. सगळे बदलतोय. बाळ तुझ्या वहिनीच्या मांडीवर झोपलंय.”

बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने नुसती मान हलवली, तशी तिने डोळ्यांना पदर लावला.

“पण दादा,” तो म्हणाला, “तू तपासायला घेतलीसच कशी?”

“म्हणजे काय? आबा गेल्यापासून तुझी एका रेघेची गाडी मी कधी घाटात सोडली आहे का?”