ताबा

शेडमध्ये दार लावलेली एक भट्टी, दोन रिकामी फडताळं आणि विजेची एक तुटलेली तार होती. पाहणीला आलेल्या कोर्टाच्या माणसाने तेवढंच टिपलं.

मातीची भांडी करणाऱ्या मावशींनी लेखी करारावर जागेचा ताबा घेऊन भट्टी बांधली होती. खरेदीखत व्हायच्या आधीच मालक वारला. "ताबा आहे तोवर तुम्हाला कुणी हलवू शकत नाही," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "तो सुटला, की करार चुलीत घाला."

"वर्षभर इथे चिटपाखरू फिरकलेलं नाही, साहेब," मालकाचा मुलगा म्हणाला. "वीजसुद्धा नाही."

"तार तूच तोडलीस. पण भट्टी लाकडावर चालते, बाळा," मावशी म्हणाल्या.

"कसली भट्टी! आत राख असेल."

मावशींनी तापमापीची सळई भट्टीच्या झरोक्यातून आत सरकवली. काटा चढत चढत चारशे दहा अंशांवर थांबला.