उंदरांवरचं औषध

“औषध आणलंस, का नुसतं थोबाड घेऊन आलीस?” अंगदनं आकांक्षाच्या रोखानं तांब्या भिरकावला. ती खाली वाकली. तांब्या भिंतीवर आदळला.

वाटूरच्या त्या घरात भरदुपारी आरडाओरडा चालला होता. अंगद कापसाची पिकअप चालवायचा. रातच्याला झोप येऊ नये म्हणून एमडी नावाची नशेची पावडर ओढू लागला आणि तिच्यातच अडकला. जालन्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो दोनदा पळून आला होता. त्याची धाकटी बहीण आकांक्षा पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग करून नेमकं याच नशेवर औषध शोधत होती. मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, चटक तिथून लागते, ते बंद केले की चटक थांबते, असं तीच मागे फोनवर बोलून गेली होती.

“उंदरं बरी करून राह्यली, अन् सख्खा भाऊ मरून राह्यलाय,” तिचे वडील कचरूअण्णा कडाडले. “याच्यासाठी शिकवलं का तुला?”

“अण्णा, ते अजून माणसाला देत न्हाईत.”

“मी तरी कुठं माणूस राह्यलो?” अंगद दात खात म्हणाला. “उंदरांनी पावडर सोडली का न्हाई, तेवढं सांग.”

“सोडली.”

“मंग? कशाचा सूड घेऊन राह्यली माझ्यावर?”

आकांक्षाचाही तोल सुटला. “सोडली! अन् खाणंबी सोडलं. समोर दाणे असून उपाशी बसले. एक मादी नुकतीच व्याली होती. पिलं गारठून चिरकत होती, तिनं मानसुद्धा वळवली न्हाई. दादा, त्या औषधानं नुसती पावडर नकोशी होत न्हाई. सगळंच नकोसं होतं. कळलं?”



तेवढ्यात अंगदची चार वर्षांची लेक भातुकलीतला रिकामा कप सांभाळत दारात आली. “पप्पा, च्या घ्या.” तिच्या आईनं, मीनानं, धावत येऊन तिला दंडाला धरून मागं ओढलं. कप खाली पडला. पोरगी भोकाड पसरून रडू लागली.

भिंतीचा आधार घेत अंगद उभा राहिला.

“नको तुझं औषध,” तो बहिणीवर खेकसला. मग वडिलांकडं वळला. “अण्णा, जालन्याच्या केंद्रात सोडा मला. पोरीच्या हातचा च्या प्यावा वाटून राह्यला अजून.”