सात वितींचा टीव्ही

दुकानातला टीव्ही मी वितीनं मोजायला लागले, तसा दुकानदार हसला. "आजी, इंचात सांगा की!"

"तुझे इंच तुझ्यापाशी ठेव. हळदीकुंकवाला विहिणीकडे गेले होते, तेव्हा तिचा मोजून आलेय. सहा विती भरला. मला सात विती हवा."

सुट्टी लागली की माझी नात त्या विहिणीकडे पळते. तिकडे म्हणे मोठ्या पडद्यावर सिनेमे, गेम. माझे बेसनाचे लाडू इथे डब्यात वाळतात. आता बघते कशी जाते!

सोबत आलेली नात पदर ओढत म्हणाली, "आजी, टीव्हीसाठी नाही जात मी. ती आजी माझ्याबरोबर गेम खेळते. तिला गाडी चालवताच येत नाही, सारखी हरते. मग आम्ही दोघी लोळून हसतो."

जन्मभर मी कुणाला हार गेले नाही, आणि ही बया हरून माझी नात घेऊन बसली!

"टीव्ही कुठलाही दे रे," मी दुकानदाराला म्हटलं, "पण खेळायचे रिमोट दोन दे."

"तुला येईल खेळता?" नातीनं विचारलं.

"नाही येणार. त्या विहिणीपेक्षा जास्त हरीन, बघच तू."