गाडीच्या तोंडात तुळशीपान

पंच्याऐंशी सालची गोष्ट. दशरथची जुनी गाडी सारखी तापायची. मुलुंडच्या अंबादास मिस्त्रीने रेडिएटरचं पाणी बादलीत सोडलं, तर तांबड्या गाळाबरोबर तुळशीची पानं बाहेर आली.

"दशरथभाऊ, यात पाला कोणी घातला?"

"मी," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "गाडी आता जाणार, असं हाच रडत होता ना! घरातलीच ती. कोरड्या तोंडाने कशी जाऊ देऊ? गंगाजल घातलं, वर तुळशीपान."

दशरथने कपाळाला हात लावला. अंबादासने पाइप लावून रेडिएटर धुतला, नवं पाणी भरलं. गाडी झकास चालू झाली. मग तो बादली उचलून गटाराकडे निघाला.

"थांब मेल्या!" आई ओरडली. "ही जगली ना? मग ते बाटलीत भरून दे. माझ्यासाठी ठेवलेलं होतं."