टेमकाठची वाट

"चहाच्या वेळेला येतोच," लायनेल म्हणाला होता. फाटकापलीकडून, पाठमोराच. सव्वीस वर्षं झाली त्याला. पण टेम नदीच्या काठानं चालताना मेरिएलला नवऱ्याचा तो आवाज अजून तस्साच ऐकू यायचा. जरासा घाईतला.

त्या ऑक्टोबरात नदीला पूर होता. लायनेलचा कोट काठावरच्या वाळुंजाच्या झाडाला अडकलेला सापडला. लायनेल सापडला नाही. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि पुढच्या आठवड्यापासून मेरिएल रोज या वाटेनं चालत आली. इतरांची माणसं चर्चच्या आवारात दगडाखाली निजलेली. तिचं माणूस पाण्यात. पाणी काही एका जागी थांबत नाही, म्हणून तीही थांबली नाही.

आज मे महिन्याची सकाळ होती. टेकड्या एकीमागून एक निळ्या होत गेलेल्या. कुंपणाची काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी वाकलेली. आणि कुरणाच्या तोंडाशी नवीकोरी तार, तिच्यावर पाटी: खाजगी, वाट बंद.

"वाक, म्हातारबा," तार वर उचलून धरत मेरिएल म्हणाली.

"ब्याऐंशीव्या वर्षी चोरासारखं घुसायचं," बर्नार्ड प्रॉसर कण्हत आत आला, "तेही माझ्याच कुरणात!"

"तुझं होतं. विकलंस ना लंडनवाल्याला? आता भोग."

बर्नार्ड हसला नाही. एरवी हसला असता.

मेरिएलच्या पिशवीत कौन्सिलचे कागद होते. मालकाला न विचारता, कुणी न अडवता लोक वीस वर्षं ज्या वाटेनं चालले, ती वाट कायद्यानं लोकांची होते. मग तिथं कुणाला तार ओढता येत नाही. मात्र मालकाच्या परवानगीनं चालला असाल, तर ती त्याची मेहरबानी. तिथं हक्क संपला.

आम्ही या वाटेनं चालतो, असं गावातल्या अकरा जणांनी लिहून दिलं होतं. पण ते सगळे अधूनमधूनचे, रविवारचे. रोज चालणारी ती एकटीच. आणि जुन्या मालकानं 'मी कुणाला परवानगी दिली नव्हती' असं लिहून दिलं की काम फत्ते. कागद उद्या द्यायचे होते. बर्नार्डची सही तीन आठवडे लांबत होती. आधी चष्मा सापडेना, मग गुडघा दुखला, मग बहिणीकडे जायचं निघालं.

वाळुंजांच्या सावलीत लाकडाचं बाकडं होतं. बर्नार्डनंच कधीतरी आणून ठेवलेलं. वाटेवरची खाजरी झुडपंही तो दर जूनमध्ये छाटायचा, चिखलात फळ्या टाकायचा. चांगला शेजारी, मेरिएल सगळ्यांना सांगायची.

तिनं थर्मासमधला चहा ओतला, चीजचं सँडविच अर्धं करून त्याच्या हातात दिलं आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"खाऊन घे. मग सही."

"चहा छान झालाय."

"चहाचं राहू दे. तू त्या लंडनवाल्याला घाबरतोस का? तुझं राहतं घरही त्याच्या नावावर गेलं म्हणून? काढेल बाहेर, अशी भीती वाटते?"

"काढू दे. बहीण आहे माझी लडलो गावात."

"तिच्याकडं दोन दिवसांत भांडून परत येशील."

"एका दिवसात," बर्नार्ड म्हणाला. मग बराच वेळ तो सँडविचच्या कडा बोटांनी मोडत बसला. तुकडे बदकांकडे गेले.

"बर्नार्ड, माझ्याकडं बघ," मेरिएलचा आवाज खाली आला. "मला दुसरीकडं कुठं जायला जागा नाही रे. लायनेलला मी इथंच भेटते. ही वाट गेली तर मी सकाळी उठून काय करू?"

त्यानं पेन उघडलं. कागद वाचला. प्रश्न चौथा: या वाटेनं जाण्याची परवानगी कुणी मागितली वा दिली होती काय?

पेन तिथंच थांबलं.

"मला 'नाही' लिहिता येणार नाही, मेरिएल."

"का?"

"खोटं होईल."

"म्हणजे? दिली होतीस परवानगी? कुणाला?"

"तुला."

"मला!" ती जोरात हसली. बदकं फडफडली. "अरे, मी कधी विचारलंच नाही तुला. पहिल्याच दिवशी तुझ्या फाटकावरून चढून आले. तू उभा होतास ट्रॅक्टरपाशी. एक शब्द बोलला नाहीस."

"आधीच दिली होती. तुझ्यासाठी मागितली होती कुणीतरी."

"कुणी?"

"लायनेलनं."

"काहीतरीच! लायनेल होता तेव्हा मी कधी आले इथं? मला चिखल आवडायचा नाही. मी यायला लागले ते तो…"

हातातला कप कलंडला, चहा कागदावर पसरत गेला. तिनं पुसला नाही.

बर्नार्ड पाण्याकडे बघत बोलला. "'ती मला शोधत येईल नदीवर,' म्हणाला. 'रोज येईल. तिला अडवू नकोस.' शब्द घेतला माझ्याकडून. वाटेचा, आणि गप्प राहण्याचा."

"कधी?" तिनं विचारलं.

"चर्चमध्ये आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली ना," बर्नार्ड म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या दिवशी. स्टेशनवर मीच सोडलं त्याला."